पहिलं वळण गेलं की

मी पडदेवाल्यांची गाडी बोलतेय. जरा कान देऊन ऐका, कारण हल्ली मी हळू बोलते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मी गल्लीच्या तोंडाशी आले की दुसऱ्या टोकाची माणसं खिडक्या लावून घ्यायची.

आत्ता मी एका इमारतीसमोर उभी आहे. मालक आणि मालकीणबाई वर कुणाच्या तरी दिवाणखान्यात पडदे लावताहेत. दांडी बसवायची, कड्या ओवायच्या, चुण्या सारख्या करायच्या, आणि मग घरातली सगळी माणसं समोर उभी राहून "थोडं वर, थोडं खाली" करणार. म्हणजे मला वेळ आहे. ते खाली आले आणि आम्ही निघालो, की मात्र मला गप्प व्हावं लागेल. का, तेच सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे उभीच आहे म्हणा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा भला मोठा ताव एका दाबयंत्राखाली गेला, धाडकन आवाज झाला आणि माझं दार तयार झालं. तशीच कूस झाली, तसंच छप्पर झालं. जन्मतानाच एवढे दणके ऐकल्यावर मी बोलकी झाले नसते तरच नवल.

माल वाहणाऱ्या गाड्यांना आतून फारसं काही नेसवत नाहीत. पुढे दोन सीटा, दारांना पातळ पुठ्ठ्याची पाटी, मागे सगळा उघडा पत्रा. "मालाला काय कान असतात?" असं तिथला एक फोरमन म्हणाला होता, आणि त्याचं चूक नव्हतं. माल तक्रार करत नाही. पण चाकांचा घरघराट, इंजिनाची धडधड, खालून उडणारी खडी, दाराच्या फटीतून शिरणारं वारं, हे सगळं माझ्या पत्र्यात शिरायचं आणि रिकाम्या पोटात घुमत राहायचं. मला वाटायचं, ही माझी ऐट आहे.

माझे पहिले मालक लाँड्रीवाले. सकाळी मळक्या चादरी आणायच्या, संध्याकाळी धुतलेल्या पोचवायच्या. माणूस अबोल होता. घरी बायको, आई, दोन बहिणी, चार मुलं, आणि प्रत्येकाची काही ना काही तक्रार. ते माझ्यात येऊन बसायचे, किल्ली फिरवायचे, मी गर्जना केली की डोळे मिटून एक सुस्कारा टाकायचे. एकदा मेकॅनिक त्यांना म्हणाला, "शेठ, आवाज फार करते हो ही." तर ते म्हणाले, "करू दे. तेवढाच वेळ मला कुणाचं ऐकू येत नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटला. माणसांना आवाज हवा असतो, असा माझा पक्का समज झाला. पुढे त्यांचे गुडघे गेले, लाँड्री मुलानं बंद केली आणि मला विकायला काढलं.

मला बघायला पडदेवाले आले, जोडीनं. मालक उंच, हडकुळे. शिडीवर चढले की शिडी कुठे संपते आणि मालक कुठे सुरू होतात ते कळत नाही. बाई ठेंगण्या, गोल, गळ्यात मापाची टेप, कॉलरला टाचण्या. मालकांनी माझं इंजिन बघितलं, टायर बघितले. बाईंनी फक्त पुढच्या सीटवर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "पाय पुरतात माझे. घेऊया."

कामाची वाटणी ठरलेली होती. बाई मापं घ्यायच्या आणि शिवायच्या, मालक भिंतीत भोकं पाडून दांड्या लावायचे. आणि त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या घरात गिऱ्हाइकाबद्दल ब्र काढायचा नाही. एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. लग्नाच्या नव्या नवलाईत मालक एकदा कुणाच्या तरी सोफ्याकडे बघून फिसकन हसले होते आणि आख्ख्या घराचं काम हातचं गेलं होतं. तेव्हापासून बाईंनी फर्मान काढलं, "गाडीत बसल्यावरसुद्धा बोलायचं नाही. लोक खिडकीतून बघत असतात. पहिलं वळण गेलं की मग."

पहिलं वळण गेलं की मग काय व्हायचं म्हणता! बाई धरण फुटल्यासारख्या सुटायच्या. वकीलबाईंना दुधी रंग हवा होता, "पण दुधाचा नको हो, सायीचा!" हे अगदी वकीलबाईंच्याच नाकातून. एका आजोबांना असा पडदा हवा होता, की त्यांना शेजारचं सगळं दिसावं आणि शेजाऱ्यांना हे दिसू नयेत. एका घरात नवरा-बायकोचं रंगावरून भांडण जुंपलं आणि दोघांनी बाईंनाच पंच नेमलं. बाई प्रत्येकाची नक्कल करायच्या. मालक असे हसायचे की माझं स्टिअरिंग त्यांच्या हातात डळमळायचं. मी चढावर जीव तोडून ओरडत असले तरी बाईंचा आवाज माझ्या वरताण. आमची जुगलबंदीच चालायची.

घरी ही दोघं फार बोलायची नाहीत. घरी शिलाईचं मशीन, गिऱ्हाइकांचे फोन, पलंगावर पसरलेली कापडं, आणि रात्री दोघं दमलेली. एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी. खरं सांगायचं तर त्या दोघांचा संसार माझ्या पुढच्या दोन सीटांवरच नांदला. माझा रेडिओ कधीच बंद पडला होता, तो कुणी दुरुस्त केला नाही. त्याच्या खाचेत बाईंनी टाचण्यांची उशी बसवून टाकली.

मग बाईंचा आवाज बसला. आधी वाटलं, खोकला आहे. मग वाटलं, हवा आहे. लेकीनं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं तेव्हा गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. अगदीच गेला असं नाही, पण जेमतेम एक धागा उरला. शांत खोलीत, जवळ बसलं, तर ऐकू यायचा.

इस्पितळातून मालकांनी त्यांना माझ्यातूनच घरी आणलं. सीटवर उशा, पाठीला शाल. पुलावर आलो तेव्हा बाई मालकांकडे झुकून काहीतरी म्हणाल्या. मी नेहमीसारखी गरजत होते. "काय?" मालक म्हणाले. बाईंनी परत ओठ हलवले. तेवढ्यात माझं पुढचं चाक दणकन आपटलं आणि मागची शिडी खडखडली. थोड्या वेळानं बाई आणखी काही म्हणाल्या, यावेळी मालकांकडे न बघता, पुढच्या रस्त्याकडे बघत. "काय म्हणालीस?" मालकांनी कान पुढे केला. बाईंनी मान हलवली. ओठांवरून मलाही कळलं, काय ते. "काही नाही."

त्यानंतर माझ्यात हे दोनच शब्द राहायला आले. "काय?" आणि "काही नाही."

मालकांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पहिलं वळण गेलं की ते मला रस्त्याच्या कडेला घ्यायचे, इंजिन बंद करायचे आणि म्हणायचे, "हं, सांग आता." पण मागून हॉर्न वाजताहेत, नवरा तोंडाशी कान लावून बसलाय, अशात कुणाला नक्कल सुचणार? गंमत ही अशी गाडी थांबवून ऐकायची वस्तू नाही. बाई दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळ्या व्हायच्या. पुढे पुढे तेही बंद झालं.

लेक आली तेव्हा एक यंत्र घेऊन आली. गळ्यात अडकवायचा छोटा माइक आणि कमरेला बांधायचा डबीएवढा स्पीकर. "आई, शिक्षक लावतात गं वर्गात. लाव की." बाईंनी तिच्या समाधानासाठी माझ्यात बसून लावलं. बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या पत्र्यावर आपटून तो आवाज असा किंचाळला की मालकांनी ब्रेकच दाबला. बाईंनी यंत्र काढलं, दांड्यांच्या खुंट्या ठेवतात त्या डब्यात टाकलं, आणि त्याचं नावही परत काढलं नाही.

एके दिवशी कामावरून आलो. मालकांनी अंगणात इंजिन बंद केलं. त्या शांततेत बाई म्हणाल्या, "अहो, पुढच्या महिन्यात त्या शाळेच्या सभागृहाचं काम झालं की तुम्ही मदतीला एखादा माणूस बघा. मी घरीच शिवत बसेन."

"का? दमतेस का?"

"दमत नाही. पण गाडीत नुसतं बसून काय करू? सामान मागे असतं, मी पुढे. एवढाच फरक."

त्या दार लावून आत गेल्या. मालक उतरले नाहीत. मग त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर एक थाप मारली आणि म्हणाले, "तुला गप्प करतो. नाही केलं तर नाव नाही सांगणार."

खोटं कशाला बोलू, मला आधी राग आला. जन्मभर जी ऐट मिरवली तिच्यावरच हा माणूस उठला होता. पण बाईंची सीट रिकामी जाणार, टाचण्यांच्या उशीवर धूळ बसणार, शेजारी कुणीतरी परका मोबाइल चाळत बसणार, ही कल्पना मलाही सोसेना. म्हटलं, होऊन जाऊ दे. गप्प बसायचं तर बसू.

आता पडदेवाल्या माणसाची अक्कल पडद्यापाशीच धावणार. ऊन येतंय? पडदा लावा. शेजारी डोकावतात? पडदा लावा. एका संगीत शिक्षकाच्या खोलीत आवाज घुमायचा, तो मालकांनी जाड अस्तराचे पडदे लावून घालवला होता. तेच त्यांनी माझ्यावर केलं. सीटांमागे दुहेरी अस्तराचा जाडजूड पडदा टांगला. दारांच्या पाट्या काढून आत कापडाच्या कातरणी ठासून भरल्या. खाली सतरंजी अंथरली. मी नाटकाच्या रंगमंचासारखी दिसायला लागले. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, जरा सजवतोय."

मागचा घुमारा थोडा कमी झाला, ते खरं. पण पायाखालून, चाकांवरून, दारांतून येणारा घरघराट जसाच्या तसा. आणि त्यात पाऊस आला. पाऊस तर नेहमीच येतो. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं आणि दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात त्यातून गळून जातं. पण मालकांच्या कातरणींनी ती भोकं बुजली होती. सगळं पाणी दारात साठलं. वळणावर माझ्या पोटातून डुबुक डुबुक आवाज यायला लागला. काच अर्ध्यावर अडकली. ओल्या अस्तराचा असा वास सुटला की विचारू नका.

बाईंनी दाराची पाटी चाचपली, बोटं हुंगली आणि बरंच काहीतरी म्हणाल्या. मालक म्हणाले, "काय?" बाईंनी पाटीची कड जोरात ओढली. दारातलं सगळं गढूळ पाणी बाईंच्याच नव्या चपलांवर आलं.

मालकांनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

"काय चालवलंय हे?" बाई म्हणाल्या.

"तुझं बोलणं ऐकू येत नाही मला. ते ऐकायचंय."

"माझ्यात आता ऐकण्यासारखं काय राहिलंय?"

"ते मी ठरवीन. तू नाही."

बाईंनी ओल्या चपला काढून झटकल्या. मग म्हणाल्या, "मग नीट तरी करा. आणि मापं मी घेणार. तुमची मापं नेहमी बोटभर कमी येतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही भोंग्याकडे गेलो. भोंग्या म्हणजे गाड्यांत स्पीकर बसवणारा माणूस. दिवसभर ढणढणाटात काम करून त्याचे कान मंदावले होते आणि तो कायम ओरडूनच बोलायचा. माझा आवाज कमी करायला आम्ही गावातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाकडे गेलो होतो, हे मला फार गमतीचं वाटलं.

"बोला काका! गाणी कसली ऐकता? ठेका जोरात हवा का?"

"गाणी नाही," मालक म्हणाले. "बायको."

भोंग्यानं बाईंकडे बघितलं. त्यांच्या गळ्यावरचा व्रण बघितला. मग त्यानं स्वतःच्या दुकानात वाजत असलेला स्पीकर बंद केला.

"काकू, इकडे या," तो म्हणाला. त्यानं माझ्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. टण्ण! "आता तळहात ठेवा इथं." बाईंनी ठेवला. त्यानं परत टकटक केलं. ठप. "बघितलं? पडदा खोलीतला आवाज पितो, काका. इथं पत्रा स्वतःच बोलतोय. त्याच्या तोंडावर हात ठेवायला पाहिजे."

बाईंचे डोळे चमकले. त्या काहीतरी म्हणाल्या. भोंग्याला ऐकू आलं नाही, मालकांनाही नाही. मग बाईंनी हातांनी दाखवलं: शिलाईचं मशीन, मशीनखालचं टेबल, टेबल कसं खणखणतं, आणि मशीनच्या पायाखाली जाड लोकरीचे तुकडे घातले की कसं गप्प होतं.

"बरोब्बर!" भोंग्या ओरडला. "काकूंना कळलं. काका, तुम्ही आपले शिडी धरा."

त्यानं सामान दिलं आणि रीत सांगितली. त्याच्याकडे गाड्यांची रांग होती, काम आम्हालाच करायचं होतं. आधी डांबराचे जड, काळे, चिकट ताव, एका बाजूला चांदीसारखा कागद. ताव पत्र्याला असा चिकटवायचा की दोघांत हवेचा फुगासुद्धा राहता कामा नये. त्यावर पाणी न पिणाऱ्या स्पंजचा थर. सुरुवात जमिनीपासून आणि चाकांवरच्या कमानींपासून, कारण रस्ता तिथूनच बोलतो. शेवटी दारांना नवं रबर. मग त्यानं तारेनं माझ्या दारांची भोकं मोकळी केली, उरलेलं पाणी बुळुक करून बाहेर पडलं. "दाराला पण नाक असतं काका. ते बुजवायचं नाही."

त्यांनी मला अंगणात पार उघडी केली. सीटा बाहेर, पाट्या बाहेर, सतरंजी बाहेर. एवढी वर्षं संसार केला पण असं कुणी बघितलं नव्हतं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी जुन्या वर्तमानपत्रांतून माझ्या एकेका पत्र्याचा मापाचा कागद काढला, ब्लाउजचा काढतात तसा, आणि त्यावर खडूनं लिहिलं, 'डावी कूस', 'उजवं दार', 'पोट'.

मालक ताव कापायला बसले आणि हाताला आली ती कात्री उचलली. ती बाईंची कापडाची कात्री होती.

शिवणाऱ्या बाईच्या कापडाच्या कात्रीनं कागदसुद्धा कापायचा नसतो, हे एवढ्या वर्षांत ज्याला कळलं नाही त्याचं काय करायचं? आणि हा माणूस तिनं डांबर कापायला निघाला होता! बाईंनी किंकाळी फोडली. आवाज आलाच नाही, पण मी शपथेवर सांगते, ती किंकाळीच होती. त्यांनी खडू फेकून मारला, मग टेप फेकून मारली, मग कात्री हिसकावून घेऊन पदरानं पुसत उभ्या राहिल्या. मालक म्हणाले, "हे बरं ऐकू आलं मला." आणि दोघं हसायला लागली. इस्पितळातून आल्यापासून मी त्यांना एकत्र हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

काम सोपं नव्हतं. पहिला ताव मालकांनी पत्रा न पुसताच चिकटवला, तो सकाळी सुटून खाली पडला होता. मग सगळा पत्रा स्पिरिटनं पुसून घेतला, लाँड्रीवाल्यांच्या काळातली धूळसुद्धा निघाली. दाबायला लाटणं पुरेना, तेव्हा बाईंनी पडद्याच्या जाड दांडीचा तुकडा आणला आणि त्याचा रूळ केला. चाकांच्या कमानींपर्यंत मालकांना वाकता येईना. बाई आडव्या होऊन आत शिरल्या, डोकं माझ्या कुशीत आणि पाय अंगणात. मालकांच्या बोटांची सालं निघाली. बाईंचे हात काळे झाले, ते पडदे शिवायच्या आधी घासघासून धुवायला लागायचे. लेकीचा फोन आला, "बाबा, त्यापेक्षा दुसरी गाडी का नाही बघत?" मालक म्हणाले, "गाडी चांगली आहे. बोलते जास्त, एवढंच." शाळेचं काम जवळ येत होतं आणि दोघंही हट्टाला पेटली होती. माझं म्हणाल तर मीही पेटलेच होते. एकेक ताव चिकटला की वाटायचं, हं, आता इथं गप्प.

सगळं जोडून आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा मलाच मी ओळखू येईना. रस्ता खाली होता, पण कुठेतरी शेजारच्या गल्लीत असल्यासारखा. मालकांनी बाईंकडे आशेनं बघितलं. आणि तेवढ्यात, किर्र. मग खुळुक. मग टिक, टिक, टिक.

"आता हे कुठून आलं?" मालक हताश होऊन म्हणाले.

आलं नव्हतं, होतंच. मोठा आवाज गेला की बारके आवाज डोकं वर काढतात. मालकांचा चेहरा पडला, पण बाईंनी बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि कान लावला. किर्र म्हणजे डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं झाकण, तिथं कापडाची पट्टी. खुळुक म्हणजे शिडी, तिला जुन्या पडद्याचा अंगरखा. दांड्या दोरीनं आवळल्या. टिकटिक मात्र सापडेना. बाई मागे जाऊन बसल्या, एकेक डबा मांडीवर घेऊन ऐकू लागल्या, आणि खुंट्यांच्या डब्यातून लेकीनं दिलेलं ते यंत्र बाहेर काढलं. स्पीकरच्या डबीवर एक खुंटी टिकटिक करत होती. बाईंनी ते यंत्र रुमालात गुंडाळलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. मला वाटतं, लेकीची आठवण म्हणून.

आणि शाळेच्या सभागृहाचा दिवस आला. मोठं काम, मोठे पडदे. बाईंनी घरातून निघताना काहीच सांगितलं नव्हतं, पुढच्या कामाला येणार की नाही ते. मालकांनीही विचारलं नाही. दिवसभर दोघं खपली. संध्याकाळी मुख्याध्यापिका फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि आम्ही निघालो.

पहिलं वळण आलं. गेलं.

बाई गप्प. मालक समोर बघत होते, पण त्यांचा सगळा जीव डाव्या कानात आला होता. दुसरं वळण गेलं. मला वाटलं, झालं. पत्रा गप्प करता येतो, पण गप्प झालेल्या माणसाला बोलतं करायचा ताव भोंग्याकडे कुठे मिळतो? मालकांनीही हलकेच एक श्वास सोडला, तो मला ऐकू आला. पूर्वी मला कुणाचा श्वास कधी ऐकू आला नव्हता.

मग बाई म्हणाल्या, "मुख्याध्यापिका बाईंना पडदा उघडताना आवाज यायला नको होता. मी मनात म्हटलं, बाई, मग मुलांना बाहेर ठेवा."

आवाज धाग्यासारखाच होता. नक्कल त्यात मावत नव्हती, नाकातला सूर नाही, चढउतार नाहीत. पण शब्दाशब्दांत थांबण्याची ढब तीच होती, जुनी. आणि एकही शब्द सांडला नाही.

मालक हसले नाहीत. त्यांना हसूच येईना. ते म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी, इस्पितळातून येताना, पुलावर तू काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नाही. रोज डोक्यात येतं ते. काय म्हणाली होतीस?"

बाईंनी आठवून बघितलं. "खड्डा आहे, हळू घ्या, असं म्हणत होते."

आणि मग मालक हसले. असे हसले की मला कडेला घ्यावं लागलं. माझ्या पुढच्या चाकाला तो खड्डा अजून आठवतो, तेव्हा मला काही एवढं हसू आलं नाही.

"आणि नंतर? त्यानंतर पण काहीतरी म्हणालीस."

बाई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. "नंतर म्हणाले, जीव वाचला एवढं पुरे. बोलता नाही आलं तरी चालेल मला." त्यांनी टेप सोडली. "पण नाही चालत हो. मला बोलायचंय. मरेपर्यंत बोलायचंय."

"मग बोल की," मालक म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि मला गियरमध्ये टाकलं. "घर लांब आहे अजून."

त्या दिवशी आम्ही लांबच्या रस्त्यानं गेलो. मदतीचा माणूस शोधायचा विषय परत कुणी काढला नाही.

आता माझा रंग उडालाय. मागच्या दाराला गंज धरलाय, त्यावर भोंग्या येऊन अधूनमधून काहीतरी फासून जातो आणि जाताना ओरडून सांगतो, "काकू, आवाज एकदम मस्त आहे!" लेक अजून नव्या गाडीचं म्हणते. घेतील कधीतरी, माझंही इंजिन काही अमर नाही. पण तोवर माझं काम मला माहीत आहे.

तुमच्याकडेही एखादी गाडी असेल. तिच्यात कुणी हळू बोलणारं बसत असेल, म्हातारं, आजारी, किंवा नुसतंच बुजरं. त्यानं "काही नाही" म्हटलं तर ते खरं मानू नका. काच वर करा, गाणं बंद करा, झिजलेलं रबर बदला. आणि दाराची भोकं बुजवू नका, एवढं माझ्यासाठी करा.

ते बघा, आलेच. शिडी मालकांच्या खांद्यावर, बाईंच्या हातात खुंट्यांचा डबा. दोघांचे चेहरे अगदी गंभीर. वरच्या खिडकीतून नवा पडदा बाजूला करून कुणीतरी हात हलवतंय. बाई पण हात हलवताहेत, आणि त्यांचे ओठ आत्तापासूनच फुरफुरताहेत. आज काहीतरी जबरदस्त घडलेलं दिसतंय वर.

चला, किल्ली फिरली. मला जे ऐकायचंय, ते आता ऐकेन. ते समोर वळण आहे. आता मी गप्प.